सीलच्या गुहेचं पान

पिरेअस,
२१ जुलै १९८६

प्रिय निकितास यास,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्राला उशीर झाला खरा, पण यावेळी कारण आहे आणि ते छापखान्यात आहे. आपल्या कार्पाथोसवरचं पुस्तक एकदाचं पुरं झालं! बेटावर येणाऱ्या प्रवाशांसाठी, एकोणसत्तर पानांचं. आधी इतिहास, मग निसर्ग, शेवटी बोटींच्या वेळा. वेळा दर महिन्याला खोट्या ठरणार हे मी प्रकाशकांना आधीच सांगून ठेवलं. तुमची निम्मी हयात धक्क्यावर बोटीची वाट बघण्यात जाते, हे परक्या माणसाला कसं समजावायचं?

इतिहासात चाच्यांवर चार पानं आहेत. समुद्रावरून दिसू नये म्हणून आपल्या लोकांनी जुनं गाव डोंगराच्या पाठीला कसं चिकटवलं, धूर दिसेल म्हणून चुली केव्हा पेटवायच्या, सगळं आजीनं सांगितलं तसं लिहिलंय. इटालियन लोकांचा काळ आहे, युद्धात होडीनं इजिप्त गाठणारी सात माणसं आहेत. ससाणे उन्हाळा संपताना पिल्लं काढतात ते तू सांगितलंस तसंच घातलंय, तेव्हा चूक निघाली तर शिव्या तुला.

आणि आपल्या समुद्रातल्या सीलनाही एक पान दिलं आहे. पान एकोणीस. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी मला होडीतून नेऊन गुहा दाखवली होती, तुला आठवायचं नाही, तू तेव्हा भिंतीला धरून चालत होतास. कुठून वळायचं, होडी कुठे लावायची, सगळं लिहिलंय. सबंध पुस्तकात हेच पान मला जास्त आवडतं. तीस वर्षं शहरात राहिले, पण कुणी माझं गाव विचारलं की मला आधी ती गुहा दिसते.

बाबांच्या डोळ्यांचं काय? डॉक्टरांकडे न्यायचं म्हटलं की ते अजून बहिरे होतात का? मारुक्लाला सांग, अंजिरं पाठवलीस तर नाही म्हणणार नाही.

बाकी सर्व ठीक. बाबांना नमस्कार, तुम्हा नवराबायकोला आशीर्वाद. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
सेवास्ती


कार्पाथोस,
३० जुलै १९८६

प्रिय सेवो,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मारुक्ला अंगणात मोठ्यानं वाचत होती. बाबा शेजारी जाळं चाचपत बसले होते. सीलच्या ओळीवर आली तसं मी पत्र तिच्या हातातून हिसकावून घेतलं आणि पुढे नुसत्या पाककृती आहेत म्हणून थाप मारली. बाबांनी विचारलं, सेवास्तीला स्वयंपाक केव्हापासून यायला लागला?

बाई, तू हे काय करून बसलीस! चार पानं खर्च करून आपल्या वाडवडिलांनी अख्खं गाव कसं लपवलं ते सांगितलंस, आणि मग सीलच्या घराचा दरवाजा उघडून दाखवलास. तुला शाळेत कुणी बाई म्हणून ठेवलं, मला कळत नाही.

इथली परिस्थिती ऐक. यंदा सीलनी जाळी फार फाडली. पलीकडच्या बंदरातला स्तेर्गोस ईस्टरनंतर आपल्या कॉफीच्या दुकानात येऊन सगळ्यांदेखत म्हणाला की, त्या जनावरांची गुहा तेवढी कळू दे, एका काडीत निकाल लावतो. त्याच्याकडे सुरुंगाच्या काड्या आहेत, मासे मारायला तो त्याच वापरतो, हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक. सगळे हसले, मीही हसलो. माझीही जाळी फाटली होती ना, न हसून सांगतो कुणाला! गुहेची जागा माझ्या माहितीप्रमाणे आपल्या तिघांना सोडून कुणाला माहीत नाही. मला त्यांनी चौदाव्या वर्षी दाखवली आणि तोंड उघडलंस तर होडीत पाय ठेवू देणार नाही म्हणाले.

मादी एकच उरली आहे, सेवो. गेल्या आठवड्यात मी तिला पाहिलं. पोटुशी आहे. ऑक्टोबरात पिल्लू होईल. गुहेचं नाव या पत्रातही लिहीत नाही, टपाल दहा हातांतून येतं.

पुस्तक थांबव. पान फाड, शाई सांड, छापखान्यात जाऊन रड, पण थांबव. बाबांना अजून काही बोललो नाही. कसं बोलू तेही कळत नाही.

रागानं लिहिलं असलं तरी माया आहे म्हणूनच लिहिलं.

तुझा,
निकितास


पिरेअस,
८ ऑगस्ट १९८६

प्रिय निकितास,
आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. जिन्यातच बसून वाचलं आणि तशीच घरातल्या चपलांवर छापखान्यात गेले. उशीर झाला रे. पुस्तकं बांधून झाली होती. दोनशे प्रती मंगळवारच्या बोटीनं आपल्या बंदराच्या पत्त्यावर गेल्यासुद्धा. उरलेल्या प्रतींतून पान काढा म्हटलं, तर प्रकाशक कारण विचारू लागले. कारण सांगितलं असतं तर सगळ्या अथेन्सला कळलं असतं. मी तशीच परत फिरले. त्यांना वाटलं असेल, मास्तरीणबाईंना उन्हाचा त्रास झाला.

हे पत्र पुस्तकांच्या मागून येणार हे कळतंय. तरी हात जोडून सांगते, गठ्ठे आपल्या धक्क्यावर उतरले असतील तर उचलून घरात आण. आईच्या खोलीत, पेटीमागे ठेव. घर माझ्या नावावर आहे ना, मग त्यातली अडगळही माझीच. काही व्यवस्था करता येईल.

मी असं कसं केलं हे सारखं विचारते आहे. स्तेर्गोसचं मला माहीत नव्हतं, पण तेवढ्यानं सुटका होत नाही. मला मिरवायचं होतं. इथे मी इतकी वर्षं कुणाच्या खिजगणतीत नाही. पुस्तकावर नाव येणार म्हटल्यावर वाटलं, जे आपल्याला माहीत आहे आणि इथे कुणालाच नाही, ते लिहावं. त्या मादीचं काही झालं तर ते माझ्या हातून झालेलं असेल.

जेवण जात नाही. शाळेला सुट्टी आहे हे बरं. जमेल त्या बोटीनं दोन ओळी पाठव.

रागावला असशील, पण बहिणीला टाकू नकोस.

सेवास्ती


कार्पाथोस,
१९ ऑगस्ट १९८६

प्रिय सेवो,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आता शांतपणे वाच.

मंगळवारची ती बोट आपल्याकडे लागलीच नाही. उन्हाळ्यातला मेल्तेमी वारा इतका होता की कप्तानानं लांबूनच भोंगा वाजवला आणि दक्षिणेला गेला. आपलं सगळं सामान तिकडच्या बंदरात उतरलं, आणि तुझे गठ्ठेही. तिथल्या कुणा हुशार माणसानं ते फोडून दुकानादुकानांत ठेवले. चार दिवसांत अर्धे खपले म्हणे. एरवी या बेटावर एक स्क्रू मागवला तर सहा महिने लागतात!

मी अजून पुस्तक पाहिलेलं नाही. इकडे एकही प्रत आली नाही. पण स्तेर्गोसचा मेहुणा तिकडे पाव विकतो, त्यामुळे त्याच्याकडे नक्की पोचली असणार. मारुक्लानं पाणवठ्यावर ऐकलं की तो लोकांना सांगत फिरतोय, शिकलेल्या बाईनं माझं काम सोपं केलं.

गेले सहा दिवस मी मासेमारीला म्हणून निघतो आणि गुहेसमोर नांगर टाकून बसतो. कुणी आलं तर काय करणार आहे ते मलाच ठाऊक नाही. स्तेर्गोसची होडी माझ्या दुप्पट, आणि मी कसला शूर ते तुला माहीत आहे. परवा मादी बाहेर आली. होडीजवळ डोकं काढून माझ्याकडे बघत राहिली आणि नाकातून फुर्रर्र करून गेली. मला इतकी शरम वाटली की विचारू नकोस.

बाबांनी काल विचारलं की, सहा दिवस जाळं कोरडं कसं? डोळे गेले तरी नाक शाबूत आहे त्यांचं. मग सगळं सांगितलं. वाटलं होतं काठी उगारतील. त्यांनी ती भिंतीला टेकवली. मग म्हणाले, तिनं नेमकं काय लिहिलंय ते शब्दाला शब्द वाचून दाखव. पुस्तकच नाही म्हटल्यावर, घेऊन ये म्हणाले. उद्या मारुक्लाच्या भावाला डोंगरवाटेनं पाठवतोय.

तू जेव. उपाशी राहून सील वाचत नाहीत.

तुझा,
निकितास


कार्पाथोस,
२८ ऑगस्ट १९८६

प्रिय सेवो,
स. न. वि. वि.

आधी महत्त्वाचं: मादी सुखरूप आहे. आज सकाळी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आता पाणी पी आणि पुढचं वाच.

रविवारी मी गुहेसमोर होडीत होतो. दहाच्या सुमाराला मोठा आवाज झाला, पाठोपाठ दुसरा. दगडावर बसलेले पक्षी सगळे उडाले. पण आवाज माझ्या बाजूचा नव्हता. उत्तरेकडून, संत पारास्केवीच्या छोट्या चर्चच्या अंगानं आला. स्तेर्गोस तिथे काय करतोय मला काही उलगडेना. तिथल्या गुहेत सील काय, खेकडाही राहत नाही. आत वाळू नाही, बसायला जागा नाही, नुसतं पाणी आत घुसतं आणि बाहेर येतं.

घरी आलो तर मारुक्लाचा भाऊ पुस्तक घेऊन बसला होता. बाबांनी पान एकोणीस वाच म्हटलं. मी वाचलं. ‘उत्तरेकडे जाताना संत पारास्केवीच्या चर्चखाली काळ्या खडकात एक कमान दिसते. याच गुहेत सील आपली पिल्लं वाढवतात.’ पुढे तू लिहिलंस की आवाज न करता थांबलं तर त्यांचा श्वास ऐकू येतो. मी वाचता वाचता थांबलो. मला वाटलं तू मुद्दाम चुकवलंस, आणि माझी बहीण इतकी हुशार केव्हा झाली! पण मग तुझं ते जिन्यात बसून वाचणं आठवलं.

बाबा हसत होते, सेवो. हळूहळू, खांदे हलवत. म्हणाले, हीच गुहा मी तिला दाखवली होती.

कसं लिहू मला कळत नाही. त्यांनी तुला खरी जागा कधी दाखवलीच नव्हती. मला हे आत्ता, चाळिशीला आलो असताना कळतंय. स्तेर्गोसनं रिकामी गुहा उडवली. कमानीच्या दोन शिळा पाण्यात पडल्या. आता तो सगळ्यांना सांगतोय की जनावरं संपवली, आणि गप्प बसलाय. तुझ्या पानामुळेच ती वाचली असं म्हणायला हरकत नाही.

मला फार हलकं वाटतंय. तुला तसं वाटणार नाही याचीही कल्पना आहे. वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहिणार होतो, पण ते तुझं तू ठरव.

अंजिरं पाठवली आहेत. लोभ कमी करू नकोस.

निकितास


पिरेअस,
१० सप्टेंबर १९८६

ती. बाबांस,
सेवास्तीचा सा. न. वि. वि.

हे पत्र मारुक्लानं तुम्हाला एकट्याला वाचून दाखवावं. निकितासला चालेल, पण त्यानं मध्ये मध्ये विनोद करू नयेत.

मादी वाचली हे वाचून मी ढसाढसा रडले. शेजारीण धावत आली. आनंदाची बातमी आहे म्हणून तिला सांगितलं, आणि ते खरंच होतं. मग दोन दिवसांनी दुसरं रडू आलं, ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला सांगते.

बाबा, मी नऊ वर्षांची होते. तुम्ही मला पहाटे उठवलंत, आईला न सांगता. कमानीसमोर वल्ही वर घेतलीत आणि ओठांवर बोट ठेवलंत. मी श्वास ऐकला. आत कुणीतरी मोठं, झोपलेलं, श्वास घेत होतं. नंतर इकडे वसतिगृहात राहिले तेव्हा झोप येत नसे, तर मी तो श्वास मोजत झोपायची. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात आलेल्या मुलांना मी तो ऐकवला आहे. तुम्ही तुमच्या मुलीला एक गोष्ट दिलीत आणि ती तिनं जपली, असं मला वाटत होतं.

तो कुणाचा श्वास होता?

निकितासला चौदाव्या वर्षी खरं दाखवलंत. मला नववं असतानाच तुम्ही परक्यांत टाकलंत का? घर माझ्या नावानं आहे, आईची सोन्याची नाणी माझ्याकडे आहेत, सगळे मला थोरली म्हणून मान देतात. आणि माझ्या गावाबद्दल मला जे माहीत आहे ते तुम्ही प्रवाशाला सांगाल तेवढंच. हे तुम्ही मला कधी सांगणार होतात?

दुसरं एक. पुस्तक खपलं आहे. वसंतात दुसरी आवृत्ती निघणार. पान चूक आहे हे मला आता माहीत आहे. जन्मभर मुलांच्या वह्यांतल्या चुकांवर लाल रेघ ओढत आले, माझ्याच पुस्तकात खोटं कसं ठेवू? निदान ते पान काढून टाकते. तुमचं काय म्हणणं ते कळवा.

तब्येतीला जपा. राग आहे, पण तुमच्यावर माया आहे म्हणूनच एवढा आहे.

सेवास्ती


कार्पाथोस,
२ नोव्हेंबर १९८६

चि. सेवास्तीस,
आशीर्वाद. हात मारुक्लाचा, शब्द माझे. ती सुधारायला बघते, मी सुधारू देत नाही.

पिल्लू झालं. निकितासनं २४ तारखेला पाहिलं. काळं आहे, पोटावर पांढरा डाग. तुला आधी हे कळावं म्हणून बाकीचं मागे ठेवलं.

आता तुझं. आपल्याकडे थोरल्या मुलीला आईचं घर जातं आणि समुद्रातल्या जागा मुलाला. मला माझ्या बापानं सांगितल्या, बहिणींना नाही. मुलगी उद्या दुसऱ्या बंदरातल्या माणसाशी लग्न करते आणि जागा त्याच्याबरोबर जातात, असं म्हणायचे. मी विचार केला नाही. बाप करत होता ते केलं.

पण तू फार हट्ट धरला होतास. महिनाभर सील सील. म्हणून नेलं. खरीकडे न्यायचं की नाही हे मी वल्ही मारताना ठरवत होतो. वळायच्या जागी आलो आणि वळलो नाही. दुसऱ्या दिवशी तू सगळ्या शाळेला सांगितलंस. दोन पोरं पोहत गेली आणि हात हलवत परत आली. मला वाटलं, बरं केलं. तुझं तोंड बघून वाटलं, बरं नाही केलं. तू त्या पोरांशी भांडत होतीस की तुम्हाला ऐकता येत नाही.

तो आवाज पाण्याचा होता. आत भोक आहे, त्यातून पाणी जातं, येतं. मला ते माहीत होतं. तुझे डोळे एवढे झाले होते, मी काही बोललो नाही. नंतर तू शिकायला गेलीस. दर उन्हाळ्यात यायचीस, दर उन्हाळ्यात सांगू म्हणायचो. मग इतकी वर्षं झाली की सांगायची लाज वाटायला लागली. परकी म्हणून नाही. लाज म्हणून. हे खरं आहे.

पानाचं म्हणशील तर, काढू नकोस. काढलंस तर स्तेर्गोस विचारेल का काढलं. तो मूर्ख आहे, पण एवढा नाही. तुझं पुस्तक आहे, तू ठरव.

खरी जागा कागदावर सांगत नाही. ये. माझे डोळे गेले तरी वळायची जागा मला वाऱ्यावरून कळते. यावेळी वळेन.

मारुक्ला रडते आहे म्हणून थांबतो. आशीर्वाद.

तुझा बाप,
मिनास


पिरेअस,
२७ नोव्हेंबर १९८६

ती. बाबांस,
सेवास्तीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून उत्तर मनात लिहिते आहे. काय लिहायचं ते आज ठरलं.

सकाळी प्रकाशकांनी बोलावलं. दुसऱ्या आवृत्तीचे कागद समोर ठेवले आणि एक पत्र दाखवलं. थेस्सालोनिकीच्या कुणा प्राध्यापकांचं. जन्मभर त्यांनी सीलचाच अभ्यास केलाय. ते सप्टेंबरात कमानीपाशी जाऊन आले. त्यांनी लिहिलंय की, अशा गुहेत सील राहणं शक्य नाही, आत कोरडी जागाच नाही. लेखिकेनं ऐकीव गोष्ट न तपासता छापली आहे, आणि मुलांना शिकवणाऱ्या व्यक्तीकडून ही अपेक्षा नव्हती. खरी गुहा जवळपासच असावी, लेखिकेनं पुन्हा चौकशी केल्यास सापडेल, असंही त्यांनी मदत म्हणून सुचवलंय. पत्र त्यांना वर्तमानपत्रातही द्यायचं आहे.

बाबा, प्रत्येक शब्द बरोबर होता. माझ्या वर्गात असते तर मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते.

प्रकाशक म्हणाले की लाजण्यासारखं काही नाही, चूक सगळ्यांची होते, ‘गुहा नक्की कुठे आहे ते ज्ञात नाही’ एवढी ओळ घातली की झालं. मी म्हटलं, चूक नाही. गुहा तीच. माझ्या वडिलांनी मला नवव्या वर्षी तिथे नेलं होतं, मी स्वतः त्यांचा श्वास ऐकला आहे, आणि प्राध्यापकांनी पुस्तकं पुष्कळ वाचली असतील, पण ते आमच्या बेटाचे नाहीत. मग प्रकाशकांनी हट्टी म्हाताऱ्या बाईपुढे कोण बोलणार म्हणून पेन्सिल पुढे केली. वर्तमानपत्रात माझी शोभा व्हायची ती होईल. शाळेतही हसतील, हसू देत.

डिसेंबरच्या सुट्टीत बोट लागली तर येते. खरी जागा सांगायची घाई करू नका, अजून माझ्या तोंडाचा मलाच भरवसा नाही. पिल्लाची हकीकत मात्र दर बोटीनं कळवत जा. पुढे माझ्यावर कितीही रुसा, पण दोन्ही मुलांवर सारखा लोभ ठेवा.

तुमची थोरली,
सेवास्ती

ता. क. पान एकोणीसच्या समासात मी लाल पेन्सिलीनं लिहिलं आणि खाली सही केली: तपासलं. बरोबर आहे.